किनाऱ्यावर थांबलेली पेन्सिल

अहो, बंगालच्या उपसागरात परत एक उठलंय. तुमचा फोन सकाळपासून दर तीन तासांनी टुंग टुंग करतोय. तुम्हाला जाऊन पंधरा दिवस झाले, पण त्या फोनला कोण सांगणार? अजून नुसतं डिप्रेशन आहे, कमी दाबाचं क्षेत्र. एक-दोन दिवसांत त्याचं चक्रीवादळ होईल म्हणतायत, मग यादीतलं पुढचं नाव त्याला मिळेल. तुम्ही असता तर एव्हाना चष्मा कपाळावर चढवून भिंतीवरच्या नकाशापुढं उभे राहिला असता आणि मी स्वयंपाकघरातनं बडबडायला सुरुवात केली असती. आपल्या घरात भांडणाचे हंगाम दोनच होते. एक पावसाळ्याच्या आधीचा आणि एक दिवाळीच्या मागचा-पुढचा. तिकडं समुद्र तापला की इकडं आपण तापायचो.

लोक येतायत अजून. फोटोला हात जोडतात, सतरंजीवर बसतात आणि देवमाणूस होते म्हणतात. करमाळ्याचा तो केळीवाला आला होता. तुम्ही त्याला कुठल्याशा वर्षी झाडांना टेकू द्यायला सांगितलं होतं, त्यानं दिले, बाग वाचली. ते सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवत ऐकत होते. यांनी माझ्या भावालापण सांगितलं होतं, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. दुखवट्याला आलेल्या माणसाला असलं काही बोलायचं नसतं.

रागावू नका. म्हणजे रागवा खुशाल, आता काय फरक पडतो. तुम्ही मला भोंगा म्हणायचा. गिरण्यांचे भोंगे बंद पडले पण आमच्या घरातला चालूच आहे, असं आल्यागेल्याला सांगायचा. तो भोंगा आजपण वाजणार आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण मी तुमच्याबद्दल नाही, तुमच्याशी बोलतेय.

लग्न झालं आणि तुम्ही मला आंध्रच्या किनाऱ्यावर घेऊन गेला. तुमची हवामान निरीक्षकाची पहिली नोकरी, बंदराचं गाव. मी मंद्रूपची, मेंढपाळाच्या घरातली. माझ्या लेखी समुद्र म्हणजे शाळेच्या पुस्तकातला निळा रंग. पहिल्याच वर्षी वादळ आलं. आपली खोली ऑफिसच्या मागंच होती. सकाळी साडेआठच्या नोंदीची वेळ झाली आणि बाहेर वारा असा की दार उघडलं तर परत लागेना. तुम्ही माझी धुणं वाळत घालायची दोरी कमरेला बांधली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ढील दे, पण सोडू नको." अंगणात ती पांढरी झडपांची पेटी होती, आत तापमापक टांगलेले. तिथवर तुम्ही वाकून, जवळजवळ रांगत गेला. मी दोरीचा एक वेढा खांबाला देऊन उभी राहिले. तळहात सोलून निघाले. परत आला तेव्हा एक चप्पल गेली होती, चष्मा गेला होता, पण आकडे विसरू नयेत म्हणून तोंडानं घोकत होता. आधी ते वहीत लिहिलं. मग माझे हात बघितले आणि हळद आणायला पळाला. त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. हात आधी का नाही बघितले, हा प्रश्न पडायला पुष्कळ वर्षं जावी लागली.

ती नकाशाची सवय तुम्हाला तिथंच लागली. भिंतीवर समुद्राचा मोठा नकाशा, त्यावर प्लास्टिकचा कागद, हातात त्यावर उमटणारी लाल पेन्सिल. उपग्रहाची चित्रं, जहाजांचे निरोप, किनाऱ्यावरचं रडार, सगळ्यांची गोळाबेरीज होऊन दर तीन तासांनी वादळाचा ठावठिकाणा यायचा. अक्षांश इतके, रेखांश इतके. तुम्ही तिथं ठिपका द्यायचा. ठिपके किनाऱ्याकडं सरकायला लागले की बंदरावर धोक्याचा बावटा चढायचा, कोळी नावा वर ओढायचे, बायका पोरांना घेऊन शाळेत जाऊन बसायच्या. मग वादळ जमिनीवर चढायचं, दोन-चार तास झोडपायचं आणि निघून जायचं. तुम्ही शेवटचा ठिपका किनाऱ्याच्या रेघेवर द्यायचा. बावटा उतरला की पेन्सिल खिशात घालून घरी यायचा आणि मेल्यासारखे झोपायचा.

त्या गावाचं संकट तिथं संपत होतं, त्यामुळं तुमची काही चूक नव्हती. पुढं ते आत सरकून कुणाच्या डोक्यावर फुटतं हे दुसऱ्या कुणाच्या नकाशावर दिसायचं. पण मग तुमची बदली झाली आणि आपण त्या दुसऱ्याच्या नकाशावरच राहायला आलो. सोलापूर. सात रस्त्याजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत सामान लागायच्या आधी तुम्ही भिंतीला खिळे ठोकले आणि नकाशा लावला. तोच, समुद्राचा. त्याच्या डाव्या कडेला किनाऱ्याची पट्टी होती आणि मग नुसता पांढरा कागद. सोलापूर त्यात नव्हतंच. मी तेव्हा हसले होते की, आपण राहतो ते गावच नाही हो तुमच्या नकाशात. तुम्ही म्हणाला, इथं कुठलं वादळ येतंय.

नोकरीत होता तोवर तुम्ही कुणाला काही सांगत नव्हता. आपलं काम आकडा घेऊन पाठवायचं, अंदाज सांगायचा वरच्यांनी, असा तुमचा खाक्या. निवृत्त झाला आणि तुम्हाला कंठ फुटला. मोबाईलवर ग्रुप काढला. द्राक्षवाले, कांदेवाले, केळीवाले, कोण कुठले लोक सकाळी सात वाजल्यापासून फोन करायचे आणि तुम्ही न कंटाळता एकेकाला समजावून सांगायचा. मला सांगताना मात्र तुमचा आवाज चढायचा. बिरूचा फोन आला की मात्र फार खूश व्हायचा. बिरू माझा धाकटा भाऊ. दाजी, दाजी करत तुमच्या मागं असायचा. आमच्या घरात तुमच्याइतकं शिकलेलं कुणी नव्हतं. टीव्हीवाले काहीही बोलोत, दाजी काय म्हणतात ते सांग, असं तो मला विचारायचा.

मग ते वर्ष आलं. दसऱ्याच्या आसपासचे दिवस. उपसागरात उठलेलं तुम्ही चार दिवस ठिपक्या-ठिपक्यानं किनाऱ्यापर्यंत आणलं. शेवटचा ठिपका दिला आणि पेन्सिल खिशात घालत म्हणाला, "चढलं जमिनीवर. आता दम नाही त्याच्यात. इकडं वारं तेवढं सुटेल." मी म्हणाले, बिरूची मेंढरं माळावर उघड्यावर आहेत. तुम्ही म्हणाला, "खाली घे म्हणावं. बाभळींच्या आडोशाला. माळावर वारं झोडपून काढेल." किनाऱ्यावर पंधरा वर्षं तुम्ही लोकांना तेच सांगत आला होता. उघड्यावर थांबू नका, आडोसा धरा. टीव्हीवर पावसाचं सांगत होते, अगदी लाल रंग दाखवत होते. पण घरात साहेब असल्यावर टीव्हीचं कोण ऐकतंय? मी बिरूला फोन लावला आणि तुमचा निरोप सांगितला.

मंद्रूपच्या बाजूला बाभळी कुठं असतात, तर ओढ्याला. बिरूनं त्याच संध्याकाळी मेंढरं उतरवली आणि बाभळींच्या आडोशाला वाघुर लावली. वाघुर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, चारी बाजूंनी खुंट्यांना ताणून बांधतात. दुसऱ्या दिवशी तुमचं ते दम नसलेलं वादळ आमच्या डोक्यावर येऊन बसलं आणि सकाळपासून जे कोसळायला लागलं ते थांबेना. दुपारी ओढा आला. बिरू कोयत्यानं जाळं तोडत होता आणि मेंढरं घाबरून त्याच जाळ्यात गुंतत होती. त्याच्या बायकोनं त्याला पाठीमागनं धरून ओढलं नसतं तर तोही गेला असता. सात जनावरं राहिली. बाकीची दोन दिवसांनी खालच्या बाजूला काटेरी झुडपांना लटकलेली सापडली, जाळ्यासकट.

मी हे सगळं फोनवर ऐकून रडत तुमच्यापुढं उभी राहिले. तुम्ही गच्चीवरनं पर्जन्यमापक बघून आला होता, वहीत लिहीत होता. ऐकून पेन खाली ठेवलं. तोंड पांढरं पडलं तुमचं, ते मी बघितलंय. मी म्हणाले, बिरूला फोन करा. बोला त्याच्याशी. तुम्ही म्हणाला, "मी वाऱ्याचं सांगितलं होतं. वारं आलंच की."

आलंच होतं. मंद्रुपात पत्रे उडाले होते. तुमचा अंदाज बरोबर होता हो.

त्या एका वाक्यावर आपण पाच वर्षं भांडलो. दर वर्षी दोन हंगाम. उपसागरात ढग गोळा झाले की मी सुरू व्हायचे. माझं म्हणणं एवढंच होतं की, जा आणि म्हणा बिरू, माझं चुकलं. तीन शब्द. एसटीनं तासाभराचा रस्ता. तुम्ही कधी म्हणायचा, मी पुस्तकाप्रमाणं सांगितलं. कधी म्हणायचा, ओढ्यात वाघुर लावायला मी सांगितलं नव्हतं. एकदा तर म्हणाला की अंदाज चुकत नाही, ऐकणारा चुकतो. त्या दिवशी मी तुमच्या ताटात भाकरी अशी टाकली की आमटी सांडली, आणि दोन दिवस बोलले नाही. बिरू त्यानंतर आपल्या घरी आला नाही. भाऊबीजेला मीच जायचे, तो ओवाळून घ्यायचा, ओवाळणी घालायचा, पण तुमचं नाव काढायचा नाही. मी समजून चालले की तो तुमच्या तीन शब्दांसाठी अडून बसलाय. माझा भाऊ मला तुमच्यापायी तुटला, हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल. लोकांच्या देखत पण ऐकवलं.

एक मात्र तुमच्या बाजूनं सांगायला पाहिजे. पुढच्या हंगामाच्या आधी तुम्ही कुठूनतरी कागद आणला आणि नकाशाच्या डाव्या बाजूला चिकटवला. स्वतः रेघा मारल्या, सोलापूर घातलं, मंद्रूप घातलं, सीना आणि भीमा निळ्या शाईनं काढल्या. त्यानंतर प्रत्येक वादळाचे ठिपके तुम्ही किनारा ओलांडून आत आणायचा, अगदी विरून जाईपर्यंत. आणि फोनवर कुणी काही विचारलं की तुम्ही त्याला पहिलं विचारायचा, ओढा किती लांब आहे तुमच्यापासून? नदी कुठं आहे? अनोळखी माणसांना विचारायचा. ते ऐकून मी आतनं म्हणाले होते, वरातीमागून घोडं. तुम्हाला ऐकू गेलं होतं. तुम्ही वळून बघितलं नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, आता वाटत नाही.

दवाखान्यातले शेवटचे दिवस मला विसरता येत नाहीत. बोलायला त्रास होत होता तरी नर्सला विचारत होता, आज दाब किती आहे. ती बिचारी तुमचा रक्तदाब सांगायची. मला हसू यायचं आणि लगेच रडू यायचं. एका दुपारी मी ठरवलं की आता बस. मी बिरूला फोन लावला आणि तुमच्या कानाला धरला. त्याचा आवाज आला, "कोण? दाजी का?" तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी मानेनं म्हणत होते, म्हणा, म्हणा. तुमचे ओठ हलले. आणि तुम्ही काय विचारावं?

"वारं कसं आहे तिकडं?"

पलीकडनं बिरू म्हणाला, "हाय की. बरं हाय." आणि फोन बंद झाला. मी तुमच्यावर ओरडले नाही, दवाखाना होता म्हणून. पण बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि तुम्हाला मनात येतील तेवढ्या शिव्या दिल्या. दोन दिवसांनी तुम्ही गेला. मी रडले ते नवरा गेला म्हणून आणि संतापानं पण. माणसानं जाताना तरी एवढा हट्ट करू नये.

परवा तेराव्याला बिरू आला. माहेरचं लुगडं आणायचं म्हणून आला, पाच वर्षांनी आपल्या उंबऱ्याच्या आत. केस पिकलेत त्याचे. तुमच्या फोटोला हात जोडले, नकाशापुढं थोडा वेळ उभा राहिला, तुम्ही काढलेल्या त्या निळ्या रेघांवरनं बोट फिरवलं. मी म्हणाले, परत एक उठतंय म्हणे. तो म्हणाला, म्हाईत हाय, मी बगतो आता माझ्या फोनमदी, कुणाला इचारत न्हाय. मग जेवला, आणि सगळे पांगल्यावर माझ्याजवळ येऊन बसला.

मी दहा दिवस मनात घोळवून ठेवलेलं खोटं बाहेर काढलं. तुमच्यासाठी बोलले हो, शपथेवर सांगते. म्हणाले, "बिरू, जाताना हे म्हणाले, बिरूला सांग, माझं चुकलं."

त्यानं लुगड्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. आवाज न चढवता बोलला.

"न्हाय म्हणले ते, आक्का. आन मी कुटं मागत हुतो त्यांच्याकडनं? दाजी समुद्राकडचं माणूस. त्यांना वड्याचं काय म्हाईत? तुला म्हाईत हुतं. तू तितंच वाढलीस की. मी फोनवर तुला इचारलं हुतं, पाण्याचं काय म्हणत्यात दाजी."

अहो, विचारलं होतं त्यानं.

हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. पाच वर्षं, दहा हंगाम, इतकी भांडणं, आणि हे एवढं नाही सांगितलं. बिरूनं विचारलं, "आक्का, पाण्याचं काय म्हणत्यात?" आणि तुम्ही माझ्यापासून दहा पावलांवर खुर्चीत बसला होता. मान वळवून विचारायचं होतं, बस्स. गॅसवर दूध होतं. मी म्हणाले, पाण्याचं काही नाही रे, वाऱ्याचंच म्हणतायत, उतरव तू. लहानपणी त्याच ओढ्यात आमची एक शेळी वाहून गेलेली मी बघितली होती. मी विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं, देव जाणे. कदाचित तेच सांगितलं असतं. कदाचित उठून परत नकाशापुढं उभे राहिला असता आणि पेन्सिल बाहेर काढली असती.

बिरू माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याला तुमचं काही नको होतं. पाच वर्षं तो भाऊबीजेला ओवाळून घेताना माझ्याकडं असाच बघायचा, आणि मला वाटायचं हा तुमच्यावरचा राग आहे. मला म्हणायचं होतं. शब्द जुळवलेले होते, ते तीनच. तुमच्याकडनं वदवून घ्यायला मी तेच पाच वर्षं घोकले होते.

मी म्हणाले, "चहा टाकू का रे?"

तो म्हणाला, "नगं. गाडी चुकंल." उठला, चपला घातल्या. मी त्याच्याबरोबर स्टँडपर्यंत गेले. मंद्रूपची गाडी लागलेली होती, सुटायला वीस मिनिटं होती. तो खिडकीत बसला, मी खाली उभी राहिले. शेंगा विकणारा आला आणि गेला, कंडक्टर चढला, बेल झाली. एवढा वेळ होता, तोंड होतं, भाऊ समोर होता. नाही निघालं.

तुम्ही असता, तर घरी येऊन तुमच्यावरच ओरडले असते.